मुलाने हायस्कूल सोडलंय आणि मंडळात कुणालाच माहीत नाही

ताई, आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा १८ वर्षांचा, जन्म इथलाच. सीनियर इयरच्या (बारावीच्या) मधोमध त्याने शाळेत जाणं बंद केलं. भारतात आजी-आजोबांना आम्ही ‘तो आता ऑनलाइन करतोय’ असं सांगितलंय, इथे महाराष्ट्र मंडळात तर तेवढंही नाही. रात्रभर जागतो, दुपारी उठतो. गेल्या गणपतीत मखराची सगळी लायटिंग मात्र त्याने एकट्याने केली, तेवढे चार दिवस घर हसत होतं. ह्यांची नोकरी गेल्या वर्षी गेली, आता कॉन्ट्रॅक्टवर आहेत, त्यामुळे खाजगी शाळा परवडणार नाही. लवकर जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा) देऊन मोकळं व्हावं का? फी न भरता आणखी काही करता येईल का?

— एक आई

तुमचं पत्र वाचताना ‘ऑनलाइन करतोय’ या दोन शब्दांशी थांबले. हेच उत्तर मी वेगवेगळ्या घरांतून इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकू आलं की समजते, काय झालंय ते. लाज वाटते हे मान्य. पण ती सांभाळण्यात महिने जातात, आणि इथल्या फुकट शिक्षणाला वयाची मुदत असते. टेक्ससमध्ये सरकारी शाळेत २१ वर्षांचा होईपर्यंत तो हक्काने बसू शकतो. डिस्ट्रिक्टने (शाळांचा कारभार बघणाऱ्या स्थानिक संस्थेने) ठरवलं तर त्यानंतरही २६ पर्यंत घेतात. उलट बाजूही ऐकून ठेवा: १९वा वाढदिवस होईपर्यंत इथे शाळेची हजेरी कायद्याने सक्तीची आहे. जीईडीच्या वर्गाला जात असेल किंवा ते प्रमाणपत्र हातात असेल तर सूट मिळते. म्हणजे त्याने शाळा सोडली असली तरी शाळेने त्याला सोडलेलं नाही, आणि तुमच्या बाबतीत हे मला चांगलंच वाटतं.

म्हणून जीईडीची घाई नको. आधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे झालेल्या विषयांची आणि गुणांची शाळेतली नोंद, मागवा. टेक्ससमध्ये डिप्लोमाला किमान २२ क्रेडिट लागतात, बहुतेक मुलांचा आराखडा २६ चा असतो, आणि शिवाय राज्याच्या पाच परीक्षा असतात: अल्जिब्रा वन, इंग्रजीचे दोन भाग, बायॉलॉजी आणि अमेरिकेचा इतिहास. ज्याने सीनियर इयरपर्यंत मजल मारली त्याच्या या परीक्षा बहुधा आधीच होऊन गेलेल्या असतात. कागद समोर आला की कळतं, सगळं बुडालेलं नाही, चार-सहा विषय अडलेत. ते क्रेडिट रिकव्हरीत, म्हणजे राहिलेले विषय भरून काढायच्या सोयीत, कॉम्प्युटरवर पुरे करता येतात. बऱ्याच डिस्ट्रिक्टांत लहानसं अल्टरनेटिव्ह हायस्कूल असतं, तिथे वर्गात मोजकी मुलं आणि वेळा सैल. शेवटी मिळतो तो डिप्लोमाच, आणि एक पैसा लागत नाही. जुन्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही असं तो म्हणत असेल, तर काउन्सेलरला सरळ या अल्टरनेटिव्ह शाळेबद्दल विचारा.

एवढं करूनही नाही जमलं, तर जीईडी. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देतात, ते डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की १७ नंबरवाल्याला बोर्डाचंच सर्टिफिकेट मिळतं, इथे मिळतं ते हायस्कूलच्या समकक्ष असल्याचं. चार पेपर: गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र. गुण १०० ते २०० मध्ये, प्रत्येकात १४५ ला पास. चारही मिळून सात तासांच्या आसपास, पण एकाच दिवशी द्यायचं बंधन नाही. पास झालेला पेपर जमा राहतो. टेक्ससमध्ये १८ वर्षांच्या मुलाला स्वतःहून बसता येतं, १७ ला पालकांची सही लागते. परीक्षेला फी आहे, तयारीचे वर्ग मात्र सरकारी पैशावर कम्युनिटी कॉलेजांत आणि अडल्ट एज्युकेशन सेंटरांत मोफत चालतात. न्यूयॉर्कवाल्यांना तर परीक्षाही फुकट.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. फी नाही असं आणखी काय?

फुकट प्रशिक्षण म्हटलं की इथे कुणीही जॉब कॉर्प्सचं नाव घेतं. १९६४ पासून चाललेली, १६ ते २४ वयासाठीची निवासी योजना. राहणं, जेवण, हायस्कूलचा डिप्लोमा आणि एखादा धंदा शिकवणं, सगळं सरकारी खर्चाने. तुमच्या अंगणातच, मॅकिनीमध्ये, तिचं सेंटर आहे. पण दोन अडथळे. एक, उत्पन्नाची मर्यादा. आपल्याकडची बरीच आयटीवाली घरं तिथेच बाद होतात, तुमचं कॉन्ट्रॅक्टचं वर्ष असल्याने विचारून बघायला हरकत नाही. दोन, मे २०२५ मध्ये कामगार खात्याने कंत्राटदारांकडची सेंटरं थांबवायची घोषणा केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा आधी फोन, मग बॅग.

ज्याचं नाव कुणी घेत नाही ते दार मला तुमच्यासाठी जास्त उपयोगाचं वाटतं. वर्कफोर्स सोल्यूशन्स नावाची रोजगार ऑफिसं तुमच्या काउंटीत आहेत. १६ ते २४ वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलांसाठी त्यांच्याकडे केंद्राचा निधी येतो. आणि यात गंमत अशी की शाळेतून नाव गळलेल्या मुलाला इथे उत्पन्नाची अट लागत नाही. वडील काय कमावतात हा प्रश्नच येत नाही. जीईडीची तयारी, ट्रेनिंगचा खर्च, पगारी अनुभव, कधी जाण्यायेण्याचे पैसे, असं काय काय त्यातून बसू शकतं. फक्त जायच्या आधी एक काम करा. मुलगा १८ चा झाला की ३० दिवसांत सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीच्या सैन्यभरतीची वेळ आलीच तर त्यासाठीच्या सरकारी यादीत) नाव नोंदवावं लागतं. ते नसेल तर याच खिडकीवर फाइल अडते. आपल्या घरांत ते बऱ्याचदा राहूनच जातं, कारण शाळेत आठवण करून देणारा माणूसच सुटलेला असतो. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम.

आता ती मखराची लायटिंग. तुम्ही ती ‘तेवढंच काय ते’ या सुरात लिहिलीत, मी मात्र तिथे दोनदा वाचलं. इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप हा इथे सन्मानाचा रस्ता आहे: दिवसा साइटवर पगारी काम, आठवड्यातून काही तास वर्ग, आणि शिकताना पगार वाढत जातो. टेक्ससमध्ये जर्नीमन (शिकाऊपण संपलेला परवानाधारक कारागीर) व्हायला ८,००० तास लागतात, साधारण चार वर्षं. युनियन आणि कंत्राटदारांच्या संयुक्त ट्रेनिंगचा कार्यक्रम तर पाच वर्षांचा असतो. त्यांना डिप्लोमा किंवा जीईडी लागतं, आणि शिवाय वर्षभराचं अल्जिब्रा पास झाल्याची नोंद. तुमच्या मुलाचं अल्जिब्रा नववीत किंवा त्याआधीच झालं असेल. म्हणजे ज्या ट्रान्सक्रिप्टची तुम्हाला धास्ती वाटतेय, त्याच कागदावर त्याचा प्रवेशाचा एक पास आधीच छापलेला असू शकतो. (आणि हो, ‘आमचा मुलगा वायरमन?’ हे वाक्य मंडळात कुणीतरी म्हणेल. त्यांच्या घरचा पॅनेल बदलायला किती बिल आलं ते त्यांनाच विचारा.)

ही सगळी सोय तुमच्या मुलाला आहे कारण तो इथला नागरिक. वाचणाऱ्या बाकीच्या घरांसाठी मात्र हे ठळक करून लिहिते. मुलं एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असतील तर सरकारी शाळेत बसायचा हक्क त्यांनाही आहे, १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर शाळा व्हिसा बघून दार बंद करू शकत नाही. पण एच-४ वर नोकरी करता येत नाही, म्हणून पगारी अप्रेंटिसशिप, जॉब कॉर्प्स, वर्कफोर्सचा निधी, यांतलं काही मिळणार नाही. आणि २१ ला एच-४ संपतो. अशा घरात मुलाने शाळा सोडली तर जुन्या शाळेतच परत जाणं याला पर्याय जवळजवळ नाही, आणि इमिग्रेशन वकिलाचा सल्ला त्याच महिन्यात घ्यावा.

शाळा अर्धवट राहिलेल्या वीस-पंचविशीतल्या वाचकांनीही विचारलं होतं, त्यांना एवढंच: गुडविलची एक्सेल सेंटरं बघा. २०१० मध्ये इंडियानापोलिसला सुरू झाली, टेक्ससमध्ये ऑस्टिनला आहे. मोठ्या वयाच्यांना खरा हायस्कूल डिप्लोमा, फुकट, लहान मूल असेल तर तिथेच सांभाळायची सोय.

‘आठवड्यात डिप्लोमा, फक्त ३०० डॉलर’ अशी जाहिरात दिसली तर खिसा बंद ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका घराने असा डिप्लोमा घेतला होता, सोनेरी शिक्का वगैरे. कॉलेजच्या काउंटरवरच्या मुलीने तो उलटा करून पाहिला आणि परत सरकवला.

एक राहिलं. रात्रभर जागणं आणि दुपारी उठणं हा आळस समजू नका, नैराश्यही असू शकतं. डॉक्टरांकडे नेताना शाळेचा विषय बाजूला ठेवा. तिथे काही निघालंच तर शाळेत ५०४ प्लॅन (आजार किंवा अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला द्यायच्या सवलतींचा आराखडा) मागता येतो, त्याने वेळा आणि परीक्षा बऱ्याच सैल होतात.

सुरुवात या आठवड्यात करा. तो १८ चा असल्याने शाळेच्या नोंदींवरचा हक्क आता त्याचा आहे, ट्रान्सक्रिप्टच्या अर्जावर सहीही त्यानेच करायची. तुम्ही त्याला शाळेपर्यंत गाडीने न्या आणि गाडीतच बसून राहा. रजिस्ट्रारच्या खिडकीशी त्याला एकट्यालाच जाऊ द्या.