जुलूम कायमचाच असतो, मग समाज एखाद्याच वेळी का पेटून उठतो?

राजकीय तत्त्वज्ञानाकडे याचं उत्तर आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, पण तुकड्यातुकड्यांत. महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण घेतो, कारण मला स्वतःला हे तिथूनच उमगलं.

तोकविल या फ्रेंच विचारवंताने १८५६ साली फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल लिहिलं की जाच सगळ्यात जड असतो तेव्हा लोक उठत नाहीत. तो जरा सैल झाला की उरलेला सोसवेनासा होतो. आता महाड बघा. १९२३ मध्ये समाजसुधारक बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. कागदावर! तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हतीच. दार उघडं आहे म्हणायचं आणि उंबऱ्यावर काठी घेऊन बसायचं, असला प्रकार. शिवाय त्या भागात पलटणीत शिकून आलेले महार पेन्शनर होते, त्यांना कागद वाचता येत होता.

२० मार्च १९२७ ला, महाडला अस्पृश्यांची परिषद भरली असताना, बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. नंतर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली आणि १०८ घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं.

इथे तोकविल कमी पडतो. पिचलेले सगळे एकत्र का आले नाहीत? मार्क्सचे दोन वर्गही (मालक आणि कामगार) इथे नीट बसत नाहीत. बाबासाहेबांचं उत्तर होतं श्रेणीबद्ध विषमता: प्रत्येकाच्या पायाखाली आणखी कुणीतरी असतो, म्हणून शिडी मोडायला कुणी धजत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या राजकीय विचारातली ही सगळ्यात मोलाची भर आहे.

आणि निव्वळ गरजेपोटी क्रांती होते म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचं डिसेंबर १९२७ चं महाडचं भाषण वाचावं. त्यात ते महाडच्या या दुसऱ्या परिषदेची तुलना थेट १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी करतात आणि सांगतात की हे पाणी प्यायलो नव्हतो म्हणून आपण काही मेलो नव्हतो. इतरांसारखी आपणही माणसं आहोत, हे दाखवायला तळ्यावर जायचंय. मनुस्मृती त्याच परिषदेत जाळली.

तळ्यावर मात्र त्या वेळी जाता आलं नाही, कोर्टाचा मनाई हुकूम होता. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला, त्या ओंजळीला दहा वर्षं व्हायला तीन दिवस बाकी असताना.