शिंपल्याच्या तळाकडे आधी बघा

प्रश्न : आमचा 75 गॅलनचा रीफ टँक (समुद्री पाण्याची प्रवाळांची टाकी) दोन वर्षांचा आहे. प्रवाळ छान वाढतायत म्हणून नुकतेच दोन क्लॅम (रंगीत समुद्री शिंपले) कुरियरने मागवले. एक साधारण दोन इंची निळा क्रोशिया जातीचा आणि दुसरा चार इंची डेरासा जातीचा. डेरासा वाळूवर मजेत आहे. क्रोशियाला दिव्याखाली उंच खडकावर ठेवला, तर सकाळी तो वाळूत पडलेला. उचलून ठेवला की परत पडतो, असं सारखं चाललंय. आता त्याचा मँटल, म्हणजे शिंपल्याबाहेर पसरणारा रंगीत मांसल पडदा, पुरता बाहेर येत नाही, मधला भाग पांढुरका दिसतो आणि वरचं भोक कायम ताणलेलं असतं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, dKH) मात्र 7 ते 9.5 अशी वरखाली होते. घरचे म्हणतात, आणखी वर, दिव्याच्या जवळ ठेव. काय करू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : वर ठेवू नका. तो आहे तिथे खालीच राहू दे. हे वाचून झालं की एकदाच टँकमध्ये हात घाला आणि मग काही दिवस त्याला अजिबात हलवू नका.

आपण क्लॅम घेतो तो रंगावर भाळून, आणि रंग सगळा वरच्या बाजूला. पण मला येणाऱ्या पत्रांवरून सांगते, नवा क्लॅम जातो तो बहुतेक वेळा खालून. शिंपल्याच्या बिजागरीजवळ तळाशी एक फट असते. तिच्यातून त्याचा पाय बाहेर येतो आणि रेशमासारखे चिवट धागे सोडून खडकाला घट्ट पकडतो. क्रोशिया तर समुद्रात खडक कोरून त्यात ओठांपर्यंत रुतून बसणारा प्राणी. त्याला काढायचा म्हणजे छिन्नीने खडक फोडावा लागतो, आणि तिथेच पुष्कळांचे पाय फाटतात. तुमचा डेरासा खुशाल आहे त्याचंही कारण हेच. मोठा होत जातो तशी त्याला धाग्यांची गरज कमी होत जाते, तो स्वतःच्या वजनावर वाळूत बसतो. शिवाय बाजारातले डेरासा बहुतेक फार्ममध्ये वाढवलेले असतात. पलाऊमध्ये 1970च्या दशकापासून त्यांची पैदास चालू आहे.

तेव्हा हात घालाल त्या एका वेळी पाण्यातल्या पाण्यातच त्याला हळूच आडवा करा आणि तळाची फट बघा. पातळ, तपकिरी धागे तुटलेले दिसले तर काळजी नको, ते नवे येतात. पण पांढरट मांसाचा लोंबणारा तुकडा दिसला, तर पाय फाटलाय. त्यावर औषध नाही, फक्त विश्रांती. तुम्ही त्याला खडकावरून उचलताना तो थोडा जरी चिकटलेला असेल आणि ओढला गेला असेल, तर जखम आणखी वाढली असणार. चिकटलेला क्लॅम कधीही ओढायचा नाही. धारदार ब्लेड खडकाला लावून फक्त धागे कापायचे.

आता बसवायचं कसं? तळहाताएवढा चपटा, खरखरीत दगड किंवा कोऱ्या सिरॅमिक फरशीचा तुकडा घ्या, वाळूत ठेवा आणि त्यावर क्लॅम उभा करा. दोन्ही बाजूंना खडे लावून आधार द्या, पण शिंपला उघडायला जागा सोडा. प्रवाह मंद, फिरता हवा. पंपाचा झोत थेट अंगावर आला तर मँटलची कड दुमडते. काही दिवसांत तो दगड पकडेल. मग हलवायचा तर दगडासकट. क्रोशियाला शेवटी जोरदार उजेड लागतोच, 200 ते 400 पारच्या (PAR, शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) आसपास. पण पाय धरल्याशिवाय ती घाई करायची नाही.

पांढुरक्या भागाबद्दल. त्याच्या मँटलमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं पोट त्या शैवालाने बनवलेल्या साखरेवर भरतं. विक्रेत्याचा टँक, मग कुरियरच्या खोक्यातला अंधार, आणि बाहेर निघतो न निघतो तोच डोक्यावर एलईडी! शैवालाला हा बदल सोसत नाही, ते निघून जातं आणि मँटल फिका पडतो. दिव्याची तीव्रता आज जवळपास निम्म्यावर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत पायरीपायरीने वाढवा.

आणि तुमच्या पाण्यातलं ते शून्य. प्रवाळवाले शून्य नायट्रेट अभिमानाने सांगतात, पण क्लॅमच्या घरात ते उपाशी ठेवणं आहे. तो आणि त्याचं शैवाल पाण्यातला अमोनिया, नायट्रेट थेट शोषून घेतात. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 एवढं असू द्या. माशांना थोडं जास्त खायला घाला, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) थोडा ढिला करा. अल्कलिनिटी 8 असो की 9, मला चालेल, पण रोज तीच पाहिजे. शिंपला चुन्याचा बनतो. डोसिंग पंप (ठरलेलं द्रावण थोडंथोडं आपोआप सोडणारा) लावा आणि रोज एकाच वेळेला मोजा. कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, क्षारता (विशिष्ट गुरुत्व) 1.025–1.026, तापमान 25 ते 27 अंश सेल्सिअस. यात वेगळं काही नाही.

भोक ताणलेलं राहणं हे मात्र मला सगळ्यात जास्त टोचलं. क्लॅम पाणी आत घेतो ते भोक चिरेसारखं असतं. त्यातून आतले कल्ले स्पष्ट दिसायला लागले की तो त्रासात आहे. एक चाचणी घ्या : टँकवरून हाताची सावली फिरवा. मँटलच्या कडेला त्याचे शेकडो बारीक डोळे असतात, सावली पडताच तो अंग आत ओढतो. तुमचा चटकन मिटला तर आशा आहे. सावकाश, अर्धवट मिटला तर दिवसातून दोनदा बघा. स्पर्श केल्यावरही मिटला नाही, मँटल शिंपल्यापासून सुटायला लागला, वास आला, तर त्याच मिनिटाला बाहेर काढा. मेलेला क्लॅम रात्रीतून अमोनिया वाढवतो. लगेच पाणी बदला आणि फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन लावा.

एक काम आज रात्रीच करा, दोन्ही क्लॅमसाठी. दिवे गेल्यावर दोन-तीन तासांनी लाल टॉर्च घेऊन शिंपल्याची कड आणि तळाची फट बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या, टोकदार गोगलगायी तिथे ओळीने बसलेल्या सापडल्या तर त्या परजीवी आहेत. दिवसा वाळूत आणि खालच्या बाजूला लपतात, रात्री वर येऊन सोंड खुपसतात आणि क्लॅमचा रस ओढतात. एकदोन दिसल्या की पुष्कळ आहेत असं धरा. मग मात्र ‘हलवू नका’ हे बाजूला ठेवून क्लॅम टँकमधल्याच पाण्याच्या भांड्यात घेऊन जुन्या टूथब्रशने शिंपला घासा. मँटलला आणि पायाला ब्रश लावू नका. खवल्यांच्या खाचांत जेलीसारखे पारदर्शक ठिपके असतात, ती त्यांची अंडी, तीही काढा. ते पाणी टँकमध्ये परत ओतू नका. काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी हे करावं लागतं. क्रोशियाने दगड पकडला असेल तर दगडासकट उचला.

गोड्या पाण्यात बुडवण्याचा उपाय तुम्ही कुठे वाचलाच असेल. मँटलची कड चिमटल्यासारखी गोळा होते त्या रोगावर लोक तो करतात. तुमची लक्षणं ती नाहीत. आत्ता त्याला तो धक्का देऊ नका.

पुढच्या खेपेला पाकीट उघडल्यावर तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. लांबच्या प्रवासात पाकिटात अमोनिया साठतो आणि हवा लागून पीएच वाढला की तो जास्त विषारी होतो. तापमान जुळवा, क्षारता बघा, पाऊण तासात क्लॅम टँकमध्ये. टँकमध्ये सोडल्यावर तो किंचित तिरका करा, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईल.

प्रश्न : आमचा मॅक्सिमा जातीचा क्लॅम महिनाभर उत्तम होता. आता दिवसभर अर्धा मिटून असतो. पाणी ठीक आहे. टँकमध्ये क्लाउनफिश, टँग आणि एक कोरल ब्युटी आहे. कोरल ब्युटी त्याला खाताना मी कधीच पाहिली नाही.
– एक वाचक, दुबई

उत्तर : तुम्ही समोर उभे असता तेव्हा माशांचं लक्ष तुमच्याकडे असतं, त्यांना खायला मिळण्याची आशा असते. फोन काचेसमोर टेकवा, व्हिडिओ चालू करा आणि खोलीबाहेर जा. कोरल ब्युटीसारखे बुटके एंजलफिश मँटलला टोचे मारतात. सगळे मारतात असं नाही, पण ज्याला सवय लागली त्याची सुटत नाही. टोचल्यावर क्लॅम मिटतो, मिटला की उजेड मिळत नाही आणि काही आठवड्यांत तो उपाशी मरतो. व्हिडिओत एकदा जरी टोचा दिसला तरी मासा काढा. मी क्लॅमच्या बाजूने आहे, कारण माशाला दुसरं घर मिळेल, क्लॅमला पळता येत नाही. क्लाउनफिशवरही नजर ठेवा. ॲनिमोन (समुद्रफूल) नसला तर ते कधीकधी मँटलमध्येच अंग घुसळत बसतात.

प्रश्न : पुण्यात असा रंगीत क्लॅम कुठे मिळेल? मिळत नसेल तर कोकणातून जिवंत तिसऱ्या (खायचे शिंपले) आणून समुद्री टँकमध्ये सोडल्या तर जगतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे : घेऊ नका. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसा आणि हिप्पोपस या क्लॅमना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, खडक बांधणाऱ्या प्रवाळांनाही आहे. मॅक्सिमा आणि स्क्वॅमोसा आपल्या लक्षद्वीपच्या खाजणांत राहतात, ते तिथेच राहू देत. दुकानदार ‘परदेशातला आहे, फार्मचा आहे’ म्हणाला तरी ही सगळी जमात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही आहे. आयातीचे कागद नसतील तर तो व्यवहार बेकायदा.

कायद्याला तिसऱ्या चालतील, पण त्या टिकणार नाहीत. त्यांच्या अंगात शैवाल नसतं, उजेडाचा त्यांना उपयोग नाही. खाडीच्या गढूळ पाण्यातलं वनस्पती-प्लवक गाळून त्या जगतात, आणि आपला टँक आपण नेमका तेच काढून टाकून स्वच्छ ठेवतो. त्या वाळूत रुतून बसतात, त्यामुळे एखादी मेली तरी पाणी बिघडेपर्यंत कळत नाही. सोडायच्याच असतील तर तीन-चारच सोडा, रोज जिवंत फायटोप्लँक्टन घाला आणि प्रत्येकीची जागा काचेवर मार्करने खूण करून ठेवा. आठवड्यातून एकदा त्या खुणेपाशी वाळूतून दोन बारीक नळ्या वर आलेल्या दिसतायत का बघा. दिसत नसतील तर उकरून काढा.