गोदा हडळ होण्याआधी

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे. इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिते, रात्री चित्रकथा काढते. गोष्ट अशी : गोदाचा नवरा तिला मारतो, सासू बाळंतपणात उपाशी ठेवते. गोदा मरते, हडळ होऊन परत येते आणि एकेकाला संपवते. २४ पानं झाली, सगळ्यांची झेरॉक्स सोबत पाठवली आहे. एक मित्र म्हणाला, मारहाणीची पानं बघताना आधी मजा वाटली आणि मग स्वतःची लाज वाटली. मैत्रीण म्हणते, हडळ दाखवणं म्हणजे अंधश्रद्धा पसरवणं. मी काय बदलू? गोष्ट आमच्या गल्लीतल्या एका वहिनींवरून सुचली. त्या अजून त्याच घरात आहेत. (नाव छापू नये.)

उत्तर : तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. पानं मी दोनदा पाहिली. हात चांगला आहे तुझा. शेगडीच्या उजेडात बाजेवर बसलेली गोदा बघून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

मित्राचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि त्याने ते कबूल केलं हे फार चांगलं केलं. पान ५, ६ आणि ७ शेजारी शेजारी मांडून बघ. पट्टा, पुन्हा पट्टा, मग जवळून पाठ. तिन्ही पानांत गोदाचा चेहरा एकदाही नाही. सगळं नवऱ्याच्या खांद्यावरून दिसतं. वाचणाऱ्याला तू मारणाऱ्याच्या जागी उभं केलंस, मग त्याला मजा वाटली यात नवल काय?

जपानी लोकांनी या जातीच्या भयकथा फार जिवापाड सांभाळल्या आहेत. त्यातली ओइवा मी कधी विसरत नाही. १८२५ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, नाकामुरा-झा नाटकगृहात नाटककार चौथा त्सुरुया नानबोकू (या नावाचा चौथा) याचं काबुकी, म्हणजे जपानी पारंपरिक शैलीतलं नाटक आलं, त्यातली ही बाई. बाळंतपणाने खंगलेली. शेजारच्या श्रीमंत घरच्या मुलीला हिचा नवरा हवा असतो, म्हणून तिकडून 'औषध' येतं. ओइवा हात जोडून, आभार मानून ते पिते. ते विष असतं आणि त्याने तिचा चेहरा विद्रूप होतो. नवरा, इएमोन, गहाण टाकायला घरातली मच्छरदाणीसुद्धा ओढून नेतो. बाळाला डास चावतील म्हणून ही ती सोडत नाही आणि त्या ओढाओढीत तिची नखं उपटून निघतात. पुढे ती आरशात स्वतःला बघते, आणि तरीही शेजाऱ्यांकडे जायचं म्हणून नीट तयार व्हायला बसते. आईची फणी घेते. केसांतून फणी फिरते तसे केस पुंजक्यांनी हातात येतात, रक्त ठिबकतं.

तोवर ती भूत झालेलीच नाही, हे लक्षात घे. जिवंत बाई केस विंचरते आहे, एवढंच. पण सगळ्यांच्या अंगावर काटा येतो तो इथेच. नंतर ती जळत्या कंदिलातून बाहेर येते, जपानी चित्रकार होकुसाईने कंदिलातला तिचा चेहरा काढलाय तोही प्रसिद्ध आहे. पण त्या कंदिलाचा धाक वाटतो तो मच्छरदाणीमुळे आणि फणीमुळे.

आता तुझ्या गोदाकडे ये. तू तिला उलटे पाय, मोकळे केस, लांब नखं दिलीस. ते सगळं उसनं आहे, कुठल्याही हडळीला चालेल. तिचं स्वतःचं तू पान ३ वर आधीच काढून ठेवलंयस : सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि फडताळात कुलूप लावून ठेवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. लाडू तिच्या माहेराहून आलेले! मग ती परत आल्यावर आधी जुडगा वाजू दे. रात्री सासूने कमरेला हात लावावा, जुडगा तिथेच असावा, आणि तरी माजघरात किल्ल्या वाजत असाव्यात. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यावा. बाईचा जीव ज्या वस्तूपायी गेला त्या वस्तूतूनच सूडाची जादू निघाली पाहिजे, नाहीतर ती वरून चिकटवलेली दिसते.

तिचं पहिलं दर्शन तू पान १३ वर ठेवलंस, तेवढं हलव. १२ आणि १३ समोरासमोर येतात, १२ वाचतानाच डोळा पलीकडे जातो. ते १४ वर घे, म्हणजे पान उलटावंच लागेल.

मैत्रिणीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. बाळंतीण गेली तर अलवंतीण, सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. मेल्यावरही बाईला नाव मिळतं ते नवऱ्यावरून नाहीतर मुलावरून. माझ्या आजोळी वाड्यामागे आड होता. एक सून त्यात गेली. 'पाय घसरला' एवढंच सगळे म्हणायचे, आणि संध्याकाळी आम्हा पोरांना तिकडे जाऊ द्यायचे नाहीत, कारण तिथे 'ती' बसते. तिला काय झालं हे कुणी उघड बोललं नाही. तिची आठवण उरली ती त्या भीतीत. म्हणून हडळीची गोष्ट सांगावी असं मला मनापासून वाटतं.

पण पान २२ वरचा मांत्रिक काढून टाक. तो गोदाला बाटलीत कोंडतो आणि गाव सुटकेचा श्वास सोडतं. अगं, तिला पुन्हा कुलुपातच घातलंस की! शिवाय आपल्या सातपुड्यात जित्याजागत्या बायकांना डाकीण ठरवून मारलं गेलंय. खून तर गुन्हा होताच, पण एखादीवर जादूटोण्याचा आळ घेणं हाही २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला, त्या कायद्यासाठी दाभोलकरांसारख्यांनी वर्षानुवर्षं झगडा दिला. मंत्र घालणाऱ्या पुरुषाला आपल्या चित्रकथेत तारणहार करू नकोस.

आता वहिनींबद्दल. त्यांना हे ठाऊक नसेल तर छापायला देऊ नकोस. गल्लीतल्या माणसांना गोदा कोण ते पहिल्या पानावर कळेल आणि त्याचा मार वहिनींनाच बसेल. त्या एकट्या असताना जा, चित्रं नेऊ नकोस. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्यांना पाठ करायला सांग, मोबाइलमध्ये 'हेल्पलाइन' अशा नावाने ठेवू नका म्हणावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जायला आधी पोलिसांत तक्रार करावी लागत नाही. त्या घरात राहण्याचा हक्कही तो कायदा देतो, हे बऱ्याच बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्या नाही म्हणाल्या तर घाई करू नकोस, जात राहा.

५, ६, ७ नव्याने काढून पाठव, या वेळी गोदाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. शाई नको, नुसती पेन्सिल चालेल.