वाचकांचे प्रश्न : घानातलं एल्मिना, दोन मुक्कामांचं गाव

प्रश्न : मुलगा घानात, अक्रा इथे नोकरीला आहे. डिसेंबरात आम्ही नवरा-बायको जाणार आहोत. दोघंही साठीच्या पुढचे, शाकाहारी. एल्मिनाचा किल्ला आणि काकुमचं जंगल एका दिवसात होईल का? लशींचं काय?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी लशीचं बघा, तिकिटांचं नंतर. पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर घानात प्रवेश मिळत नाही, आणि भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. वेळ आधी घ्या, मूळ पासपोर्ट न्या. टोचल्यापासून १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका थोडा जास्त असतो. म्हणून चालू आजार, गोळ्या, अंड्याची अ‍ॅलर्जी हे सगळं आपल्या डॉक्टरांना आधी सांगा.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. घरी आल्यावर गोळ्या सोडल्या जातात आणि तिथेच घात होतो. यकृतात राहिलेले जंतू नंतर रक्तात उतरतात, म्हणून गोळीनुसार परतल्यावरही ७ दिवस किंवा ४ आठवडे डोस चालू ठेवावा लागतो.

एका दिवसाचा बेत मात्र नको. अक्रा ते एल्मिना अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असलं, तरी अक्राबाहेर कासोआच्या कोंडीत गाडी अडकली की चार तास सहज जातात. ट्रोट्रो म्हणजे तिकडची वडाप. भरल्याशिवाय सुटत नाही आणि पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही एल्मिनाच्या अलीकडच्या केप कोस्ट शहरापर्यंत एसी बसने जा, पुढे टॅक्सी करा. दोन रात्री एल्मिनातच राहा.

किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये सोन्याच्या व्यापारासाठी बांधला. १६३७ मध्ये तो डचांनी जिंकला, १८७२ मध्ये इंग्रजांकडे गेला. मधल्या काळात इथून हजारो माणसं गुलाम म्हणून जहाजांवर चढवली गेली. स्त्रियांना कोंडत त्या कोठड्यांसमोरच्या अंगणात उभं राहून वर पाहा : गव्हर्नरचा सज्जा दिसतो. एका कोठडीच्या दारावर कवटी कोरलेली आहे, ती मरणासाठी कोंडलेल्यांची. अमेरिकेतून आलेले वंशज इथे पूर्वजांसाठी पुष्पचक्रं ठेवतात. तिथे सेल्फी काढू नका, कृपया. आत अंधार आणि पायऱ्या ओबडधोबड, तेव्हा बूट घाला.

किल्ल्याखालीच बेन्या खाडीचं मासळी बंदर आहे. मंगळवारी कोळी समुद्रात जात नाहीत. त्या दिवशी रंगीत होड्या खाडीत दाटीने उभ्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. लिलावाची गडबड हवी तर दुसरा वार निवडा. फोटोआधी विचारा.

काकुम केप कोस्टपासून उत्तरेला तीसेक किलोमीटर. झाडांच्या शेंड्यांतून जाणारे ७ झुलते पूल, एकूण ३५० मीटर. फळी एकाच माणसापुरती, दोन्ही बाजूंना जाळी. पुलांपेक्षा त्यांच्या आधीचा दगडी चढ गुडघ्यांना जड जातो. सकाळी दार उघडताच पोहोचा. नंतर सहलींची रांग लागते. हत्ती दिसतील ही आशा ठेवू नका, तिथे पक्षी आणि फुलपाखरं पाहायची.

जेवणात ‘रेड-रेड’ मागा : लाल पाम तेलातली चवळीची उसळ, सोबत तळलेली मोठी पिकली केळी. मासळीची पूड घातली आहे का, हे प्रत्येक वेळी विचारा. ‘शितो’ ही काळी चटणी टाळाच, तिच्यात सुकी मासळी असते. ‘वाचे’ म्हणजे चवळी घातलेला भात. वरचा रस्सा वगळून घ्या.

रोख सेडी (घानाचं चलन) अक्रातच काढून ठेवा.