आधी धुकं, मग यान

अरे, तुझं अवकाशयानाचं डिजिटल चित्र जमतंय छान, पण यानावरचे रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) आत्ताच कशाला कोरत बसलास? भायखळ्यावर उतरणारं यान काढताना मी तीन रात्री नुसत्या खिडक्या रंगवल्या. मग चित्र ग्रेस्केल करून, म्हणजे रंग काढून नुसत्या करड्या छटांत पाहिलं, तर यान आणि आभाळ एकाच करड्या रंगात विरघळलेलं! सगळं पुसलं. तू आधी अंगठ्याएवढी चार-पाच काळी-पांढरी स्केचेस कर. पावसाळ्यात वरळीहून सी-लिंक बघ: जवळच्या केबल गडद, वांद्र्याकडचं टोक धुक्यात फिकट. तोच फिकेपणा यानाला दे, आपोआप अजस्र वाटेल. मापासाठी खाली लोकलचा एक डबा ठेव. कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घे. ए-४ छापायला ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. आणि लेयरना, म्हणजे चित्राच्या एकावर एक थरांना, नावं दे रे. माझ्या 'लेयर ४७ कॉपी'त काय होतं, मला अजून कळलेलं नाही.