विचारा, सांगते

प्रश्न : ताई, धरमपेठेत आमची दोन खोल्यांची आर्ट गॅलरी आहे. मे महिन्यात ज्यू कलावंत आणि संस्कृतीवर प्रदर्शन करतोय. चित्रकार मार्क शागालच्या प्रिंट्स, होलोकॉस्टचे म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे फोटो आणि नऊ दिव्यांची मेनोरा, म्हणजे ज्यूंची दिवली, जमवली आहे. उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी सातला. आणखी काय हवं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आणखी काय हवं म्हणता? मराठी हवं की! तुमच्या यादीत युरोप खच्चून भरलाय आणि अलिबागचा पत्ता नाही. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, घरात मराठीच बोलत आले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही त्यांचीच आडनावं. ‘बूट पॉलिश’ सिनेमातले जॉनचाचा आठवतात ना? ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

पहिल्या भिंतीवर १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादाचं एखादं पान मोठं करून लावा. वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या रात्री घरोघरी वाचायची ही पोथी. हिब्रूसोबत मराठी भाषांतर, आणि चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडीत! माझ्या मते हे एक पान तुमच्या सगळ्या शागालला भारी आहे. शेजारी सिओना बेंजामिन यांच्या चित्रांच्या प्रिंट्स लावता आल्या तर बघा, रीतसर परवानगी घेऊन. त्या मुंबईत वाढलेल्या बेने इस्रायली, आता अमेरिकेत असतात. लघुचित्रांच्या धाटणीत त्या निळ्या कांतीच्या बायका रंगवतात.

दुसऱ्या खोलीत नागपूर आणा. चित्रकार सय्यद हैदर रझा आपल्याच नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला गेले. तिथे त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना पाठबळ देणाऱ्यांत नाझींच्या तावडीतून निसटून आलेली माणसं होती. इमॅन्युएल श्लेसिंगर हे व्हिएन्नाचे ज्यू. ते या पोरांची चित्रं विकत घेत. चित्रकार वॉल्टर लँगहॅमरही त्याच गोतावळ्यातले, पण त्यांना पाटीवर ज्यू लिहू नका, ज्यू त्यांची पत्नी होती. ही हकीकत मांडलीत की छळछावण्यांचे फोटो वेगळे टांगायला नकोत. ती माणसं मुंबईत का आली, हे सांगताना तो विषय येतोच.

नऊ दिव्यांची ती हनुकिया. हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचे आठ दिवे आणि ते पेटवायचा एक. जेरुसलेमच्या प्राचीन ज्यू मंदिरातली मेनोरा सात दिव्यांची. पाटी बदला.

शुक्रवार मात्र रद्दच करा. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, आणि मे महिन्यात सातच्या ठोक्याला तुमची फीत आणि त्यांचा शब्बाथ एकमेकांवर आदळतील. पाळणारा पाहुणा येणार कसा? रविवार ठेवा. मुंबई-ठाण्याकडचं एखादं बेने इस्रायली कुटुंब यायला तयार झालं तर मलिद्याचं त्यांनाच विचारा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि भोवती फळं. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव घेऊन, आशीर्वाद म्हणून मग वाटतात. समोशाच्या ट्रेशेजारी कागदी द्रोणात भरून ठेवायचा तो पदार्थ नाही.

आणि बाप्पा, कूलर! मेमध्ये त्याच्याशिवाय गॅलरीत कोणी पाऊल टाकणार नाही, हे मान्य. पण त्याची ओली हवा थेट कागदावर आली की कागद फुगतो, लाटा येतात, पुढे बुरशीही धरते. कागदावरची कामं त्या झोतापासून लांबच्या भिंतीवर लावा. काच आणि चित्र यांच्यात माउंटचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीचं अंतर ठेवा, आणि रात्री कुलूप लावताना कूलरचं बटण कोण बंद करणार ते आधीच ठरवा.