पट्टा हातात घेऊन ते फिरायला जातात

पत्र: मावशी, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. आमचा कुत्रा बंड्या तेरा वर्षांचा होता, किडन्या गेल्या होत्या त्याच्या. मी पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेले होते आणि तेवढ्यात ह्यांनी डॉक्टरला घरी बोलावून त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायला लावलं, मला फोनसुद्धा केला नाही. २०१९ च्या पुरात बोटवाले कुत्र्याला घेत नव्हते तर हेच म्हणाले होते मग मी पण येत नाही, बोटीत त्याला मांडीवर घेऊन बसले होते, तो नुसता थरथरत होता पण एकदाही भुंकला नाही. तोच माणूस असं कसं करू शकतो? गणपतीला नवस बोलले, एकवीस मंगळवार केले, त्याचाही उपयोग नाही, आता दिवा लावायचं पण सोडलंय. जाऊबाई म्हणतात कुत्र्याचं कसलं सुतक. आणि हे रोज पहाटे त्याचा पट्टा हातात घेऊन फिरायला जातात, कुणाला दाखवायला काय माहीत. तेवीस दिवस झाले मी ह्यांच्याशी बोलले नाही. बंड्याने तेरा वर्षांत कधी फसवलं नाही, माणसापेक्षा कुत्रा बरा हेच खरं. काय करू? – गावभागातली एक

अगं, तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कुणालाच उत्तर लिहिलं नाही. तुझंच परत परत वाचत बसले होते.

आधी जाऊबाईंचं संपवते. कधी साताऱ्याला आलीस तर माझ्याकडे ये, आपण संगम माहुलीला जाऊ, कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं. एवढी देवळं, एवढ्या थोरामोठ्यांच्या समाध्या आहेत आणि त्यांच्यातच एका कुत्र्याची समाधी आहे. थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा, आमच्याकडे त्याला खंड्या म्हणतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, हे मी मनाचं नाही सांगत, साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता त्या ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय. छत्रपतींना कुत्र्यासाठी एवढं करताना लाज वाटली नाही तर तू कशाला पदराआड रडतेस? रड की मोकळी. घरातलं माणूस गेलंय.

आता तुझे हे.

फोन करायला हवा होता, ह्यात मी त्यांची बाजू अजिबात घेणार नाही. तेरा वर्षं ज्याला तू हातानं भरवलंस त्याच्या डोक्यावरून शेवटचा हात फिरवायचा हक्क तुझा होता आणि तो गेला, आता तो परत मिळत नाही. हे तू त्यांना सांगायला पाहिजेस, अगदी ह्याच शब्दांत सांगितलंस तरी चालेल. पण तू सांगितलेलंच नाहीस, तू बोलणं बंद केलंस, आणि मग त्या गप्प घरात तो माणूस काय विचार करतोय हे तू त्याच्या तोंडाकडे बघून आपलं आपणच ठरवत बसलीस.

ह्यावरून एक सांगते. आपण म्हणतो ना, बघा कसं चोरासारखं तोंड करून बसलाय, ह्यानंच चप्पल खाल्ली असणार. अलेक्झांड्रा हॉरोवित्झ म्हणून अमेरिकेतल्या एक बाई कुत्र्यांचा अभ्यास करतात, त्यांनी २००९ मध्ये हे नीट तपासून बघितलं, तर ते चोरासारखं तोंड कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही ह्यावर नव्हतंच, मालक रागावला की होत होतं, मग त्या बिचाऱ्याने काही केलेलं असो वा नसो. म्हणजे कुत्रं आपला राग बघून घाबरतं आणि आपण म्हणतो गुन्हा कबूल झाला. मला ते वाचल्यावर आमच्या चिंगीची लई आठवण आली, किती वेळा उगीच ओरडले असेन तिला. तर तू तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर काय वाचतेयस ते एकदा परत बघ. तू लिहिलंस, कुणाला दाखवायला काय माहीत. अगं पहाटे साडेपाचला गावभागात कोण असतं बघायला? दूधवाला?

ती पट्ट्याची ओळ तू तक्रार म्हणून लिहिलीस आणि मला सगळ्या पत्रात तीच ओळ दिसत राहिली.

आमचे हे गेले ना, त्यानंतर चिंगी रोज संध्याकाळी पावणेसातला गेटपाशी जाऊन बसायची, त्यांची स्कूटर यायची ती वेळ. पाऊस असला तरी. शेपटी नाही हलवायची, रडायची नाही, नुसती गेटच्या खालच्या फटीला नाक लावून बसायची आणि साडेसात वाजले की उठून आत यायची. पहिले पंधरा दिवस मी तिला आतून हाका मारायचे, बिस्कीट दाखवायचे, चिडायचे पण, कारण तिला बघून मलाच फुटायचं. मग एक दिवस चहाचा कप घेऊन मी पण पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसले. काही बोलणार काय तिच्याशी? तिने फक्त कूस बदलली आणि पाठ माझ्या पायाला टेकवली. जवळजवळ चार महिने आम्ही दोघी तशा बसत होतो. माझ्याकडे माणसं पुष्कळ येऊन गेली तेव्हा, सगळ्यांनी समजूत घातली, पण शेजारी बसणं काय असतं ते मला तिच्यामुळं कळलं.

म्हणून माणसापेक्षा कुत्रा बरा हे मला पटत नाही, राग मानू नकोस. बंड्याचं प्रेम खरंच होतं, त्यात शंका नाही, पण त्याच्यावर कधी असली वेळ आली नाही की समोर तडफडणारा जीव आहे आणि हो की नाही हे आपण एकट्यानं सांगायचंय. ती तुझ्या नवऱ्यावर आली. आणि दुसरं, बंड्यानं काय कमी त्रास दिला का तुला? तेरा वर्षांत चपला, उशा, झालंच तर एखादी चांगली साडी तरी फाडली असेलच की. संध्याकाळपर्यंत तरी टिकला का तुझा राग? त्यानं पायावर डोकं ठेवलं की झालं. तू म्हणतेस त्यानं कधी फसवलं नाही, मला तर पत्रात तू दिसतेस, तूच तेरा वर्षं हिशोब न ठेवता एका जिवावर माया केलीस. ती माया करायची तुला येते. नवऱ्याच्या बाबतीत मात्र तेवीस दिवस मोजून ठेवलेस.

पण ह्याचा अर्थ कुत्र्यासारखं गप्प सोसत राहा असा काढू नकोस हं. मारणाऱ्या मालकाच्या दारातसुद्धा कुत्रं बसून राहतं, त्याला दुसरीकडं जाता येत नाही, ते बाईमाणसानं शिकायचं नसतं. तुझ्या घरात तसलं काही नाही हे तुझ्याच पत्रावरून दिसतं म्हणून मी बोला म्हणते, नाहीतर म्हणले नसते.

आणि डोळ्यात बघून बोल. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये दाखवलंय की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन वाढतं, आई बाळाला पाजताना जे सुटतं तेच. आता तू बाळंतिणीपाशी राहून आलीयस, लेक बाळाकडं कशी बघत बसते ते तुला मी काय सांगायचं.

देवाचं राहिलं. दिवा लाव असं मी सांगणार नाही. रुसलीयस तर रुस, जनाबाईनं विठोबाला सरळ शिव्या घातल्यात आणि तरी ती त्याचीच राहिली. फक्त त्या एकवीस मंगळवारांचं मला खटकलं. नवस फळला नाही म्हणून देव खोटा, असं जर धरलं तर तो व्यवहार झाला गं. तूच लिहिलंयस ना, बोटीत बंड्या थरथरत होता पण भुंकला नाही. तुमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं तेव्हा, त्या जनावराला काय कळत होतं पाणी कुठून आलं, बोट कुठं चाललीय, आपण वाचणार का? काहीच नाही. भीती तर वाटतच होती त्याला, अंग थरथरत होतं. पण ज्या मांडीवर होता ती मांडी ओळखीची होती. मला श्रद्धा म्हणजे तेवढंच कळलंय आजवर, जास्त नाही. आणि शेवटच्या दिवशी इंजेक्शनच्या वेळी पण तो कुणाच्या तरी मांडीवर असणार ना? कुणाच्या होता, विचारलंस का तू?

ते विचार. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, तो किती वेदनेत होता, डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला मला फोन का करवला नाही. बाळंतिणीपाशी आहे, तिथं रडारड नको म्हणून असेल, भ्याले असतील, नुसतं सुचलं नसेल, मला काय माहीत, मी इथं बसून त्यांच्या तोंडचं उत्तर देणार नाही. मधे तोडू नकोस त्यांना. सगळं ऐकून झालं की मग तुझं सांग, हक्काचं ते.

पण हे घरात समोरासमोर बसून जमायचं नाही तुम्हाला, तेवीस दिवसांची गाठ आहे. उद्या पहाटे दार वाजलं की उठ, चपला घाल आणि त्यांच्या मागोमाग उतर. विचारतील, कुठं निघालीस, तर म्हण येते मी पण. पट्टा ज्या हातात असेल त्याच बाजूनं चाल. घाटापर्यंत काही नाही बोललात तरी चालेल. आणि डब्यात बंड्याची बिस्किटं उरली असतील ती सोबत घे, रोज जातात म्हणजे घाटावरची कुत्री ओळखत असतील त्यांना.